न संपणारे हुकूम : पोटगी, मुलांचा ताबा आणि संरक्षण

फौजदारी प्रक्रियेचा कायदा उघडला की अटक, जामीन, झडती, पंचनामा, आरोपपत्र असा सगळा पोलिसी कारभार समोर येतो. त्याच पुस्तकाच्या मध्यावर अचानक एक छोटे प्रकरण लागते : बायको, मुले आणि आईवडील यांच्या पोटगीचे. जुन्या संहितेत ते कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ झाले आहे. चोर-दरोडेखोरांच्या शेजारी पोटगी कशी आली, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. व्हाइसरॉयच्या मंडळातले कायदा सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७२ च्या संहितेतली ही तरतूद भटकेगिरीला आळा घालण्याचा उपाय मानली होती. टाकलेली बाई आणि उपाशी पोरे रस्त्यावर आली तर भीक, चोरी आणि गुन्हे वाढतील. त्यापेक्षा ज्याची जबाबदारी त्याच्याकडूनच पैसे वसूल करा, असा रोकडा हिशेब. बाईच्या हक्काचा विचार त्यात फारसा नव्हता. तरीही दीडशे वर्षांत याच कलमाच्या आधाराने देशातल्या लाखो बायकांनी, मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी कोर्टाची पायरी चढली.

कौटुंबिक कायद्याचे एक वैशिष्ट्य फार कमी लोकांच्या लक्षात येते. जमिनीचा दावा निकाली निघाला की वरच्या कोर्टांतली अपिले संपेपर्यंत तो चालतो आणि मग कायमचा संपतो. तोच वाद त्याच पक्षकारांना पुन्हा काढता येत नाही. पोटगी, मुलांचा ताबा आणि संरक्षण आदेश यांना हा नियम तसाच लागू होत नाही. पगार वाढला, नोकरी गेली, मूल मोठे झाले, आजारपण आले, की पोटगीची रक्कम बदलून मागता येते. ताब्याचा हुकूम तर कधीच अखेरचा मानला जात नाही. संरक्षण आदेश, ज्या बाईसाठी काढला ती स्वतः 'आता नको' असा अर्ज करीपर्यंत चालू राहतो. लोक वकिलांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर या एका गोष्टीत दडलेले आहे.

आधी पोटगी. १८९८ च्या संहितेत कलम ४८८ होते आणि मॅजिस्ट्रेटला महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये देता येत. १९२३ मध्ये ती मर्यादा १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ ची नवी संहिता आली तरी आकडा ५०० वरच राहिला. महागाई कुठल्या कुठे गेली, कायद्यातला आकडा हलला नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपल्यापुरती ती मर्यादा १,५०० केली आणि २००१ मध्ये संसदेने मर्यादाच काढून टाकली. आज कायद्यात वरचा आकडा नाही. मॅजिस्ट्रेट किंवा कुटुंब न्यायालय परिस्थिती पाहून ठरवते.

या कलमाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला आकडा मात्र अगदी लहान आहे. इंदूरच्या शाहबानो यांचे लग्न १९३२ मध्ये झाले, नवऱ्याने १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढले. नवरा वकील होता. १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने त्यांना महिना २५ रुपये मंजूर केले. १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. त्यातले २० पैसे कुठल्या हिशेबाने आले असतील याचे मला नेहमी कुतूहल वाटते. याच रकमेविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने त्याचे अपील फेटाळले. पुढचे राजकारण सर्वांना माहीत आहे. १९८६ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा आला आणि हक्क इद्दतीपुरता, म्हणजे घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षेच्या काळापुरता, आक्रसला, असे सगळ्यांनी धरले. २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनात्मक ठरवला, पण त्याचा अर्थ असा लावला की पुढच्या आयुष्यभराची रास्त तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या काळातच करायची. १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातल्या एका खटल्यात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्गही खुला आहे.

पोटगी कोणाला मिळते? या कलमाखाली स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, घटस्फोट झाला असला तरी पुनर्विवाह न केलेली पत्नी, औरस किंवा अनौरस अज्ञान मुले, अपंगत्वामुळे स्वतःला पोसू न शकणारे सज्ञान मूल, आणि आईवडील. अठरा वर्षांनंतर मुलाचा हक्क सहसा संपतो, पण हिंदू कुटुंबातल्या अविवाहित मुलीला १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याखाली लग्न होईपर्यंत वडिलांकडे निर्वाह मागता येतो. विधवा सुनेला काही अटींवर सासऱ्याकडून निर्वाह मागण्याची सोयही त्याच कायद्यात आहे, आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

आईवडिलांच्या बाबतीत एक खटला कल्याणचा आहे. एका वडिलांनी आपल्या विवाहित, डॉक्टर मुलीविरुद्ध कल्याणच्या मॅजिस्ट्रेटकडे पोटगीचा अर्ज केला. मुलीचा युक्तिवाद असा की जबाबदारी मुलाची, लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीची नव्हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ मध्ये निकाल लागला : मुलगी विवाहित असली तरी तिचीही जबाबदारी आहे, मात्र नवऱ्याच्या उत्पन्नाखेरीज तिचे स्वतःचे पुरेसे उत्पन्न असले पाहिजे. मुलीला इस्टेटीत वाटा द्यायचा की नाही यावर घराघरांत रणे माजली असताना तिच्यावरची जबाबदारी कोर्टाने अशी आधीच नक्की केली होती. आता २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आईवडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडेही जाता येते. तिथे महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो आणि त्या कायद्याच्या मूळ योजनेत वकिलाला जागाच ठेवलेली नाही.

'बायको कमावती असेल तर?' हा दुसरा नेहमीचा प्रश्न. कमाई आहे एवढ्यावरून हक्क जात नाही. ती कमाई तिला सासरी ज्या राहणीची सवय होती तशी राहणी भागवायला पुरते का, हे पाहिले जाते. पुरत नसेल तर फरकापुरती पोटगी मिळते. उलट नवरा धडधाकट असून 'मला काम नाही' म्हणत असेल तर कोर्ट त्यावर सहजी विश्वास ठेवत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की अंगमेहनत करून का होईना, सक्षम नवऱ्याने बायकोमुलांना पोसलेच पाहिजे. रकमेचे ठरीव कोष्टक नाही. २०१७ च्या एका निकालात नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त मानली गेली आणि तेव्हापासून हा आकडा वकिलांच्या तोंडी बसला; पण तो नियम नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली खटला चालू असताना नवऱ्यालाही बायकोकडून पोटगी मागता येते. ऐकणाऱ्याला हसू येते, पण तरतूद १९५५ पासून आहे.

खरे नाट्य घडते ते उत्पन्न उघड करताना. नोकरी असली तर पगारपत्रक मिळते. धंदा असेल तर 'तोटाच तोटा', आणि शेती असेल तर 'कोरडवाहू आहे साहेब, पाऊसच नाही'. दुसऱ्या बाजूने खर्चाचे आकडे फुगवलेले असतात. या लपाछपीवर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उपाय काढला, आणि ते प्रकरण नागपूरचे होते. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने पत्नीला महिना १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व नंतर १०,००० अशी अंतरिम पोटगी दिली होती. अर्ज २०१३ चा. अंतरिम रकमेचाच वाद सात वर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि आर. सुभाष रेड्डी यांनी त्या निमित्ताने देशभरासाठी नियम घालून दिले : दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी सांगणारे प्रतिज्ञापत्र द्यायचे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, एका कायद्याखाली आधी रक्कम मिळत असेल तर ती दुसऱ्यात वजा धरायची.

त्या निकालाला जोडलेला प्रतिज्ञापत्राचा नमुना मुळातून वाचण्यासारखा आहे. शहरी माणसासाठी एक, शेतकऱ्यासाठी वेगळा. शहरी नमुन्यात पगार, बँक खाती, घर, गाडी, दागिने, कर्जाचे हप्ते, मुलांची फी, कोण कोण अवलंबून आहे, सगळे आहे. शेतकऱ्याच्या नमुन्यात जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पीक कोणते, आणि त्यापुढे म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या, मासे, मधमाशा, डुकरे यांच्यापासूनचे उत्पन्न. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हशींचा हिशेब विचारावा, यात हसण्यासारखे काही नाही. पावसावर अवलंबून असलेल्या शेतात धान्याचे पैसे वर्षातून एकदाच येतात. रोज येतात ते दुधाचे. त्यामुळे ग्रामीण भागात पोटगीची रक्कम ठरवायची तर गोठा मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

पोटगीला आणखी एका जुन्या वादाची सावली आहे : नांदण्याचा. एकत्र नांदण्याच्या हुकुमाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मुंबईची. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवरा दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला, पण फेरसुनावणीनंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर तुरुंगात, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये ती नांदण्याची तरतूद आजही आहे, फक्त तुरुंग गेला. व्यवहारात नवऱ्याकडून त्याचा वापर पोटगी टाळायला होतो : आधी नांदण्याचा हुकूम मिळवायचा, बायको आली नाही की 'कारण नसताना वेगळी राहते' म्हणून पोटगी अडवायची. १० जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग बराच अरुंद केला. नांदण्याचा हुकूम मोडला एवढ्यावरून पोटगी जात नाही. ती का येत नाही याचे कारण तपासावे लागते.

दुसऱ्या लग्नाची बाई हा महाराष्ट्रातल्या खटल्यांचा मोठा विषय. पहिली बायको हयात असताना झालेले लग्न कायद्याने शून्य. मग तिला 'पत्नी' म्हणून पोटगी कशी? १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने मार्ग काढला : नवऱ्याने पहिले लग्न लपवून फसवले असेल, तर स्वतःच्या लबाडीचा फायदा त्याला घेता येणार नाही. घटस्फोटाच्या कोर्टात कायमची पोटगी मागण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पूर्वी अशा बाईसाठी 'अनौरस पत्नी' अशा अर्थाचे शब्द वापरले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भाषा स्त्रीद्वेष्टी असल्याचे सांगून नापसंत केली आणि शून्य ठरलेल्या लग्नातही कायमची पोटगी देता येते असा निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक स्वतः पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचेच न्यायाधीश होते.

आता थकबाकी. रक्कम मंजूर होणे आणि हातात पडणे यांत फार अंतर असते, हे कोर्टाच्या बाकावर बसलेली कोणतीही बाई सांगेल. हुकूम मोडला तर मॅजिस्ट्रेट वॉरंट काढतो, मिळकत जप्त होऊ शकते, आणि थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. नवऱ्याला वाटते, आत जाऊन आलो की हिशेब मिटला. तसे नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तुरुंग हे वसुलीचे साधन आहे, फेड नव्हे. बाहेर आल्यावर रक्कम देणे आहेच. मात्र बाईनेही एक गोष्ट विसरू नये : या मार्गाने वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 'देईल कधीतरी' म्हणून थांबलेल्या कित्येक जणींचे जुने महिने असेच बुडतात. एकरकमी पैसे घेऊन 'पुढे काही मागणार नाही' असे लिहून दिले, तर? २०१३ च्या एका खटल्यात आठ हजार रुपयांवर झालेली अशी तडजोड पुढच्या निर्वाहाच्या दाव्याला आडवी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आईने मुलाच्या वतीने त्याची पोटगी सोडून दिली तरी मुलाचा हक्क तेवढ्याने जात नाही.

गोव्यात चित्र वेगळे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालू आहे आणि हिंदू विवाह कायदा तिथे लागू झालेलाच नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक होते. एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय घरदार विकता येत नाही. त्यामुळे गोव्यातली बायको कोर्टात पोटगी मागायला जाते तेव्हा मिळकतीच्या अर्ध्या वाट्याची हक्कदार आधीच असते. महाराष्ट्रातल्या बाईला घर नवऱ्याच्या नावावर म्हणून जी दमछाक होते, ती तिथे मुळातच कमी.

हे सगळे जिथे चालते ते कुटुंब न्यायालय १९८४ च्या कायद्याने आले. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुण्यात आणि मुंबईत ती सुरू झाली. कायद्याच्या कलम १३ नुसार पक्षकाराला वकील नेमण्याचा हक्क म्हणून नाही; न्यायालयाची परवानगी लागते. हेतू असा की नवरा-बायकोने स्वतःच्या तोंडाने बोलावे. प्रत्यक्षात परवानगी बहुधा मिळते आणि वऱ्हांड्यात काळे कोट दिसतातच. पण विवाह समुपदेशक ही तिथली खरी वेगळी व्यक्ती. तारखेच्या आधी दोघांना समोरासमोर बसवून, कधी वेगवेगळे बोलावून, हा समुपदेशक जेवढे ऐकतो तेवढे न्यायाधीशांच्या कानापर्यंत क्वचितच पोचते.

ताब्याचा प्रश्न आला की पहिले वाक्य असते, 'पाच वर्षांपर्यंत मूल आईकडे.' १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचे मूल 'सहसा' आईकडे असावे असे म्हटले आहे. 'सहसा'चा अर्थ 'नेहमी' नव्हे, पण आईकडे का नको हे सिद्ध करण्याचे ओझे बापावर येते. हे स्पष्ट झाले गोव्यातून गेलेल्या एका खटल्यात : लहान मुलाचा अंतरिम ताबा उच्च न्यायालयाने बापाकडे दिला होता, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आईकडे परत केला. पाच वर्षे पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे जाते हा मात्र निव्वळ गैरसमज. वाढदिवसाचा केक कापला म्हणून हुकूम फिरत नाही. मुस्लिम कायद्यात हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईच्या हिजानतीत, म्हणजे ताब्यात, असते. सर्व धर्मांच्या कायद्यांवर शेवटी एकच कसोटी चालते, मुलाचे हित; १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासून ती चालत आली आहे.

पालकत्व आणि ताबा हे दोन वेगळे विषय आहेत. मूल आईजवळ वाढते, पण शाळेच्या अर्जावर, पासपोर्टवर, बँकेत 'वडिलांची सही' मागतात. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा बापाची सही आणा असे उत्तर आले. कायद्यात नैसर्गिक पालक 'बाप, आणि त्याच्यानंतर आई' असे लिहिले आहे. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'त्याच्यानंतर' म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, तर तो प्रत्यक्षात जबाबदारी घेत नसेल तेव्हाही, असा अर्थ लावला. याचे बीज एका मराठी शेतजमिनीच्या खटल्यात होते. जिजाबाई गजरे नवऱ्यापासून वेगळ्या राहून अज्ञान मुलीची जमीन सांभाळत होत्या. नवरा हयात असून त्याने मुलीकडे कधी पाहिलेच नाही. १९७० मध्ये न्यायालयाने त्याला असून नसल्यासारखा धरला आणि आईचे व्यवहार पालकाचे व्यवहार मानले. आयुष्यभर पोरांना वाढवणाऱ्या किती आयांचे काम या एका शेतीच्या निकालाने सोपे केले, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क असतो. हुकुमात अगदी बारीक लिहिलेले असते : महिन्यातले अमुक शनिवार, सकाळी इतक्यापासून संध्याकाळी इतक्यापर्यंत, दिवाळीची अर्धी सुट्टी, मे महिन्याची अर्धी सुट्टी, गणपती एका वर्षी इकडे तर पुढच्या वर्षी तिकडे. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलू द्यावे, शक्य तर व्हिडिओ कॉलवर, असे सुचवले. पोटगी थकली म्हणून भेट बंद करायची किंवा भेट दिली नाही म्हणून पोटगी थांबवायची, हे दोन्ही बाजूंचे आवडते हत्यार. कायदा दोन्हींना नाही म्हणतो. ते दोन वेगळे हुकूम आहेत. मूल जरा जाणते असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या चेंबरमध्ये एकटे बोलावून विचारतात. मुलाने पढवल्यासारखे उत्तर दिले तर अनुभवी न्यायाधीशाला ते चटकन कळते. एका पालकाने मुलाचे मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करण्याच्या प्रकाराची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घेतली आहे.

परदेशातल्या मराठी घरांतून येणारा प्रश्न असतो : अमेरिकेतल्या कोर्टाने ताबा बापाला दिला आणि आई मुलाला घेऊन पुण्याला आली, तर पुढे काय? मुलांच्या परतीविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील झालेला नाही, त्यामुळे परदेशी हुकूम इथे आपोआप चालत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तो हुकूम विचारात घेण्याजोगा एक घटक आहे, पण निर्णय मुलाच्या हितावर. एकीकडे मूल इथे रुळले आहे का, दुसरीकडे त्याची शाळा, भाषा, मित्र तिकडचे आहेत का, हे तोलले जाते. त्यामुळे उशीर जितका जास्त, तितका तराजू फिरतो.

तिसरा विषय संरक्षणाचा. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. यापूर्वी बाईपुढे दोनच वाटा होत्या : दंड संहितेच्या कलम ४९८-अ खाली नवऱ्याला आरोपी करायचे किंवा घटस्फोट मागायचा. 'मला लग्नही मोडायचे नाही आणि त्याला तुरुंगातही घालायचे नाही, फक्त मारहाण थांबवा आणि मला घरात राहू द्या' असे म्हणणाऱ्या बाईसाठी कायदाच नव्हता. हा कायदा नेमका तिच्यासाठी. हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे. शिवीगाळ, मूल किंवा मुलगा झाला नाही म्हणून टोचणे, खायला-औषधाला पैसे न देणे, तिचे दागिने विकणे, घराचा काही भाग वापरू न देणे, हे सगळे त्यात येते.

अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करायचा, तोही बाई सध्या जिथे राहते तिथे. माहेरी किंवा मैत्रिणीकडे तात्पुरती आली असली तरी चालते. या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल भरून देतो; पण त्या अहवालाशिवायही कोर्ट आदेश देऊ शकते, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. पहिली तारीख सहसा तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत, असे कायदा म्हणतो. कोर्टाच्या कामाच्या डोंगरात हे आकडे किती टिकतात ते वेगळे सांगायला नको. पण धोका दिसला तर समोरच्याला न ऐकता, फक्त प्रतिज्ञापत्रावर तातडीचा एकतर्फी आदेश देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला आहे आणि तो वापरला जातो.

आदेशात काय असते? तिच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलाच्या शाळेत जायचे नाही, फोन, मेसेज, पत्र कोणत्याही मार्गाने संपर्क करायचा नाही, बँकेचे लॉकर वापरायचे नाही, स्त्रीधन विकायचे नाही. निवासाच्या आदेशात तिला घरातून काढायचे नाही, गरज पडली तर नवऱ्यानेच बाहेर जायचे, किंवा तिला दुसरे घर भाड्याने घेऊन द्यायचे. घर सासऱ्याच्या नावावर असले तर? ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालकी नवऱ्याची असण्याची गरज नाही. ती तिथे नांदत होती तर ते सामायिक घर आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक गुंता सुटला : म्हातारे सासू-सासरे ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सुनेला घराबाहेर काढण्याचा अर्ज करू लागले होते. न्यायालयाने सांगितले की एका कायद्याने दुसऱ्याचा हक्क परस्पर मारता येणार नाही. दोन्ही तोलावे लागतील.

मूळ कायद्यात फिर्याद फक्त 'सज्ञान पुरुषा'विरुद्ध करता येत असे. मुंबईच्या एका कुटुंबातल्या मालमत्तेच्या भांडणातून ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नरिमन यांनी ते शब्दच काढून टाकले, आणि सासू-नणंदांवरही आदेश होऊ शकतो हे पक्के झाले. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या बाईलाही, संबंध लग्नासारखा असेल तर, हा कायदा लागू आहे. या एकाच अर्जात पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाईही मागता येते. म्हणून व्यवहारी वकील कित्येकदा इथूनच सुरुवात करतात. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. आदेशाची प्रत बाईला आणि पोलीस ठाण्याला मोफत द्यायची असते. ती पिशवीत जपून ठेवावी, कारण मध्यरात्री पोलीस आले की पहिला प्रश्न कागदाचाच असतो.

कायदा यायच्या दोन दशके आधी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साहाय्याने पोलीस ठाण्यातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या तक्रार ऐकून घेत, नवऱ्याला बोलावत, प्रसंगी बाईचे सामान परत आणून देत. पुढे हे कक्ष महाराष्ट्रभर पसरले आणि आज अनेक जिल्ह्यांत संरक्षणाचा पहिला अर्ज तिथेच लिहिला जातो. तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक चालतात. मोफत वकिलासाठी १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाशी बोलता येते. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, हा वकील मोफत मिळतो. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा असतो.